सोन्याची नदी आणि वनचर : जॅक लंडनच्या दोन कथांचा विचार

अमेरिकन कथाकार जॅक लंडन (१८७६–१९१६) याची ‘ऑल गोल्ड कॅन्यन’ ही कथा ‘सेंच्युरी’ मासिकाच्या नोव्हेंबर १९०५ च्या अंकात प्रसिद्ध झाली, आणि लगेच पुढच्या महिन्यात ‘मॅक्लूर्स’ मासिकात ‘लव्ह ऑफ लाइफ’ ही कथा आली. दोन्ही कथांचा नायक ओढ्यानदीच्या काठाने सोने शोधीत हिंडणारा माणूस आहे. दोन्हींत त्याच्या आसपास माणूस जवळजवळ नाही आणि वन्य प्राणी मात्र आहेत. तरीही या दोन कथा एकत्र ठेवून वाचण्याचा प्रघात नाही. पहिली कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतील म्हणून एकीकडे पडते, तर दुसरी उत्तर ध्रुवाकडील ओसाड प्रदेशातील म्हणून लंडनच्या ‘उत्तरेकडील कथां’त गणली जाते. भूगोलाच्या आधारे केलेली ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न दृष्टीआड होतो. सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसाला वाटेत जो प्राणी भेटतो, तो त्याला दिसतो काय? आणि कथाकाराला तो दिसतो काय? या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी एकच असतात असे नाही.

लंडनचा स्वतःचा अनुभव येथे थोडक्यात नमूद करणे अवश्य आहे. क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात ऑगस्ट १८९६ मध्ये सोने सापडले. ती वार्ता जुलै १८९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व सिएटल या बंदरांत पोहोचली, आणि सुमारे एक लाख माणसे उत्तरेकडे निघाली. त्यांतील तीस ते चाळीस हजारच डॉसनपर्यंत जाऊ शकली असे मानले जाते. एकवीस वर्षांचा लंडन त्याच महिन्यात निघाला, चिल्कूट खिंड ओलांडून स्टुअर्ट नदीच्या मुखापाशी पोहोचला, हेंडरसन ओढ्यावर त्याने आपल्या नावे एक जागा नोंदविली, हिवाळा लाकडी झोपडीत काढला आणि स्कर्व्हीने दात हलू लागल्यावर १८९८ च्या उन्हाळ्यात यूकॉन नदीतून होडीने समुद्र गाठला. त्याने बरोबर आणलेल्या सोन्याच्या भुकटीची किंमत पाच डॉलरही नव्हती. चरित्रकार या आकड्यावर विनोद करतात. टीकाकाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. लंडनने सोने फारसे खणले नाही. त्याने खणणारे पाहिले, त्यांच्या गोष्टी ऐकल्या, आणि त्यांची नजर कोठे खिळलेली असते हे हेरून ठेवले.

‘ऑल गोल्ड कॅन्यन’चा प्रारंभ माणसाविना होतो. चहूकडून कड्यांनी वेढलेली एक हिरवी दरी, तिच्यात संथ झालेला ओढा, फुलपाखरे, मधमाशा, आणि सावलीत पाण्यात उभा राहून पेंगणारा तांबूस रंगाचा, भरघोस शिंगांचा एक नर हरिण. लंडनने या वर्णनाला जी संथ लय दिली आहे ती त्याच्या एरवीच्या धावत्या शैलीत क्वचितच आढळते. मग दूरवर दगडावर धातू आपटल्याचा आवाज होतो. हरिण कान टवकारतो, हवा हुंगतो आणि निघून जातो. माणूस दरीत शिरतो तेव्हा तो तेथे नसतो. म्हणजे या कथेत माणूस व प्राणी यांची भेट मुळी होतच नाही. हरिण वाचकाला दिसला, निवेदकाला दिसला. ज्याच्या पायरवाने तो गेला त्याला मात्र तो होता हेही ठाऊक नाही. हा माणूस अरसिक नाही. दरी पाहून तो मोठ्याने तिची तारीफ करतो, फुलांचा वास घेतो. पण त्याची स्तुती संपते न संपते तोच त्याची परात ओढ्यात बुडते.

येथून कथेचा मोठा भाग वाळू धुण्याच्या कामात जातो, आणि तोच तिचा सर्वांत पक्का भाग होय. आपल्याकडील झारेकऱ्यांचे काम ज्याने पाहिले असेल त्याला हे वर्णन परके वाटणार नाही. परातीत माती घ्यावयाची, पाण्यात ती गोल फिरवावयाची. हलकी माती पाण्याबरोबर कडेवरून जाते आणि वाळूच्या सातपट जड असलेले सोने तळाशी राहते. लंडनचा माणूस तळाशी उरलेले कण मोजतो. ओढ्याच्या काठाने एकेक परात धुवीत जाताना कणांची संख्या वाढते, मग घटते. जेथे ती शून्यावर येते ती एक सीमा, उलट दिशेला दुसरी. मग तो उतारावर वर वर आडव्या रांगांनी खड्डे खणीत जातो. प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा आखूड होते, आणि दोन्ही बाजू जेथे एकत्र येतील तेथे सोन्याचा साठा असला पाहिजे असे त्याचे गणित सांगते. भूमितीच्या या शिस्तीला कथेत एक प्रकारचे सौंदर्य आले आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि हेच सौंदर्य माणसाला आंधळे करते. त्याची सर्व नजर परातीच्या वर्तुळात सामावते. भूक लागली हेही त्याच्या उशिरा ध्यानात येते.

कथेच्या मर्माशी पोहोचण्यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे लागतात. पहिला म्हणजे हरिणाला लागलेली चाहूल. दुसरा कथेच्या अखेरीस येतो. शेवटच्या खड्ड्याच्या तळाशी गुडघे टेकून सोन्याने मढलेला गारगोटीचा तुकडा न्याहाळीत असता त्या माणसाला एकाएकी आपल्या मागे, खांद्यावरून कोणीतरी पाहत असल्याची जाणीव होते. अंगावर सावली पडल्यासारखे वाटते. दिसले काहीच नाही, ऐकू आले काहीच नाही. ही जाणीव शुद्ध जनावराची आहे. लंडन ती सावकाश रंगवितो, आणि तिची जात हरिणाच्या जाणिवेहून यत्किंचितही वेगळी नाही. फरक पुढच्या कृतीत आहे. हरिण निघून गेला. माणूस खड्ड्यात आहे, त्याच्या हातात सोने आहे. तो मागे वळून पाहत नाही, सोने पाहत असल्याचा बहाणा करीत थिजून राहतो. पाठीत गोळी बसते. पुढे मेल्याचे सोंग घेऊन तो हल्लेखोराला ठार करतो, जखम जीवघेणी नाही असे दिसते, आणि सोने घेऊन तो जातो. हा शेवट झटापटीचा असल्यामुळे वाचकाच्या मनात झटापटच उरते. पण कथेचा खरा न्याय त्याआधीच झालेला आहे. ज्या दरीत हरिणाने एका आवाजावर आपली जागा सोडली, त्या दरीत माणसाला ती सोडता आली नाही.

शेवटी दरी पुन्हा निःशब्द होते. उरतात ते खुरांचे ठसे आणि फाटलेला उतार. हरिण परत आला असे लंडन सांगत नाही. हे मौन योग्यच आहे. मात्र दरी झाल्या जखमेसह शांत होते या सूचनेत थोडा भाबडेपणा आहे, कारण परात घेऊन आलेल्या एकट्या माणसाचे खणणे आणि कॅलिफोर्नियात प्रत्यक्षात झालेले खणणे यांत फार अंतर होते. तेथे पाण्याच्या प्रचंड झोतांनी टेकड्याच्या टेकड्या वाहवून नेल्या गेल्या, खालच्या नद्या गाळाने भरल्या, शेते बुडाली, आणि अखेर १८८४ साली न्यायालयाला नदीत गाळ सोडण्यास मनाई करावी लागली. कथा लिहिली गेली तेव्हा या निकालाला वीस वर्षे होऊन गेली होती. लंडनने एकच परात निवडली, म्हणून हरिणाचे जाणे काव्यमय राहिले.

भारतीय वाचकाला येथे दोन गोष्टी आठवल्यावाचून राहत नाहीत. एक, ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील मृग. तोही माणसाच्या येण्याने पळतो. पण तेथे तपस्वी आडवे येतात, मृग आश्रमाचा आहे असे सांगतात, आणि राजाला बाण उतरवावा लागतो. लंडनच्या दरीत हरिणाच्या वतीने बोलणारा कोणी नाही. दुसरी गोष्ट अधिक प्रस्तुत आहे. महाभारताच्या सभापर्वात शैलोदा नदीच्या तीरी राहणारे खस इत्यादी लोक युधिष्ठिराला ‘पिपीलिक’ सोने, म्हणजे मुंग्यांनी उकरून काढलेले सोने, द्रोणाच्या मापाने अर्पण करतात असा उल्लेख आहे. हेरोडोटसने याच कथेचा विस्तार केला : कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या वाळू उकरतात, माणसे कडक उन्हात उंट घेऊन येतात, सोनेरी वाळू पोत्यांत भरतात आणि मुंग्यांनी गाठण्यापूर्वी पळ काढतात. या मुंग्या म्हणजे सिंधूच्या वरच्या अंगाला देवसाईच्या पठारावर बिळे करून राहणारे मार्मोट असावेत, असे मत फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल याने विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. ते सर्वमान्य झाले आहे असे नाही. साहित्यदृष्ट्या मात्र त्या पुराणकथेतील नाते लक्षणीय आहे. तेथे सोने प्राण्याचे आहे आणि माणूस चोर आहे. चोरी आहे म्हणून भीती आहे, आणि भीती आहे म्हणून प्राण्याकडे लक्ष आहे. ‘ऑल गोल्ड कॅन्यन’मध्ये सोन्याला धनी उरलेला नाही. माणसाला भीती वाटते ती दुसऱ्या माणसाची.

‘लव्ह ऑफ लाइफ’मध्ये हा सारा क्रम उलटतो. येथे सोने आधीच सापडलेले आहे. कथा सुरू होते तेव्हा दोन माणसे लंगडत एक ओढा ओलांडीत आहेत. एकाचा घोटा मुरगळतो, तो हाक मारतो, आणि बिल नावाचा त्याचा सोबती मागे वळून न पाहता निघून जातो. सोडून जाणाऱ्याला नाव आहे. मागे राहिलेल्याला कथाभर नाव नाही. त्याच्याजवळ पंधरा पौंड सोन्याची सांबरकातड्याची पिशवी, रिकामी बंदूक आणि सदुसष्ट काड्या आहेत. त्या काड्या तो मोजून तीन ठिकाणी लपवितो, पुन्हा काढतो, पुन्हा मोजतो. महिन्यापूर्वी छापलेल्या कथेतील माणूस कण मोजीत होता. हे मोजणारे बोट तेच आहे, पदार्थ बदलला आहे. सोने टप्प्याटप्प्याने गळते. प्रथम अर्धे कांबळ्याच्या तुकड्यात बांधून खडकावर ठेवले जाते, परत येऊन नेण्याच्या इराद्याने. मग उरलेल्यातले अर्धे नुसतेच जमिनीवर ओतले जाते. त्याच दिवशी दुपारी बाकीचेही फेकले जाते. लंडनने या त्यागाला कोठेही उदात्तपणा दिलेला नाही. ओझे जड झाले, एवढेच.

आणि जसजसे सोने कमी होते तसतसे प्राणी वाढतात. नजर परातीतून वर उठल्यावर प्रदेश जिवंत प्राण्यांनी भरलेला आहे हे उमगते. जाग येताच थोड्या अंतरावर उभा असलेला कॅरिबू. हातात शेपटीची तीन पिसे ठेवून निसटणारा टार्मिगन पक्षी. तोंडात तसाच पक्षी धरून जाणारा काळा कोल्हा. डबक्यातील बोटाएवढे मासे, ज्यांच्यासाठी तो सारे डबके उपसतो आणि जे खडकातील फटीतून पलीकडे गेलेले असतात. कॅरिबू दिसताच तो रिकामी बंदूक खांद्याला लावून चाप ओढतो. हा चाप ओढणे केवळ सवयीचे आहे. पुढे भ्रमात त्याला वाटू लागते की एक काडतूस बंदुकीत राहून गेले आहे. उघडून पाहतो, नाही. थोड्या वेळाने तोच भ्रम पुन्हा. सोन्याचा ध्यास सुटला, पण हत्याराचा सुटला नाही, हे निरीक्षण मार्मिक आहे.

टार्मिगनच्या घरट्याचा प्रसंग कथेतील सर्वांत दुःसह भाग म्हणून प्रसिद्ध आहे. घरट्यात एका दिवसाची चार पिले आहेत. माणूस ती जिवंतच तोंडात टाकतो. आई त्याच्या अंगावर झडप घालते. तो दगड मारतो, तिचा पंख मोडतो, आणि ती मोडका पंख फरफटवीत पळते, हा लंगडत तिच्या मागे. बीभत्स रस म्हणून हा प्रसंग बाजूला सारण्याची प्रवृत्ती असते. ती चुकीची आहे. जमिनीवर घरटे करणारे अनेक पक्षी, टार्मिगन त्यांपैकीच, शत्रूला पिलांपासून दूर नेण्यासाठी पंख मोडल्याचे सोंग करतात हे निसर्ग-अभ्यासकांना माहीत आहे. लंडनच्या पक्षिणीचा पंख खरोखरच मोडलेला आहे आणि पिले आधीच खाल्ली गेली आहेत. म्हणजे तिची धडपड निष्फळ ठरावयास हवी. पण ती पूर्णतः निष्फळ ठरत नाही. या पाठलागातच माणसाला ओल्या शेवाळावर बिलच्या पावलांचे ठसे दिसतात, आणि आधी पक्षीण पकडू, मग ठशांकडे परत येऊ, असे म्हणून तो पुढे जातो. दोघे दमून पडतात, दोघे सावरतात. अंतर तेवढेच राहते. अंधारात पक्षीण निसटते आणि माग हरवतो. जंगलातील प्राणी माणसाला न कळत चकवितो, आणि त्यासाठी त्याला बुद्धी किंवा हेतू चिकटवावा लागत नाही.

हा मुद्दा लंडनच्या काळात वादाचा होता. जॉन बरोज याने १९०३ मध्ये प्राण्यांना मानवी मन देणाऱ्या लेखकांवर टीकेची झोड उठविली. १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वादात उडी घेतली आणि लंडनच्या ‘व्हाइट फँग’ (१९०६) मधील झुंजी अशक्य ठरविल्या. लंडनने १९०८ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकातून उत्तर दिले : आपले प्राणी विचार करीत नाहीत, ते केवळ वागतात, हे आपण कथांत पुनःपुन्हा बजावले आहे. कादंबऱ्यांच्या बाबतीत हे उत्तर दुबळे आहे. कारण ज्या गोष्टीची सारखी आठवण करून द्यावी लागते ती कथेच्या घडणीत उतरलेली नसते. ‘लव्ह ऑफ लाइफ’ला मात्र ते उत्तर पूर्णपणे लागू पडते, आणि नेमकी हीच कथा त्या वादात कोणी पुढे आणली नाही.

अस्वलाचा प्रसंग पाहावा. धुक्यासारख्या नजरेने माणसाला समोर घोडा उभा दिसतो. घोडा म्हणजे माणसांचा प्राणी, वस्तीची खूण. डोळे चोळून पाहतो तो तपकिरी अस्वल. बंदूक अर्ध्यावर उचलली जाते, मग आठवण होते. तो सुरी काढतो, ताठ उभा राहतो आणि जनावरासारखा गुरगुरतो. अस्वल बाजूने निघून जाते. धैर्याची कथा म्हणून हा उतारा निवडला जातो. वस्तुतः लंडनने ते धैर्य भीतीचेच रूप म्हणून दाखविले आहे. अस्वलाला काय वाटले याबद्दल तो जेवढ्यास तेवढे सांगतो : न हलणाऱ्या, न पळणाऱ्या या उभ्या आकृतीचे काय करावे हे त्याला उमजले नाही.

यानंतर आजारी लांडगा येतो. खोकणारा, नाक वाहणारा, डोळे लाल झालेला हा लांडगा शिकार करू शकत नाही, म्हणून सरपटणाऱ्या माणसामागे मरणाची वाट पाहत चालतो. जिम कॉर्बेटने १९४४ च्या आपल्या पुस्तकात कुमाऊँच्या नरभक्षक वाघांविषयी जे सांगितले, की जखमेने किंवा वार्धक्याने नेहमीची शिकार अशक्य झाली म्हणजेच वाघ माणसाकडे वळतो, ते येथे आधीच कथारूपाने आले आहे. निरोगी लांडगा या कथेत माणसाच्या वाटेस जात नाही. दोन रुग्ण देह एकमेकांची वाट पाहतात. शेवटी माणूस निपचित पडून राहतो, लांडग्याचे दात हातावर टेकतात, आणि माणूस आपल्या देहाच्या भाराने त्याला दाबून त्याच्या मानेत दात रोवतो. नादेझ्दा क्रुपस्काया यांनी लेनिनच्या मृत्यूपूर्वी दोन दिवस, जानेवारी १९२४ मध्ये, ही कथा त्याला वाचून दाखविली आणि ती त्याला फार आवडली अशी नोंद आहे. त्या नोंदीपासून ही कथा इच्छाशक्तीच्या विजयाची कथा म्हणून वाचली जाऊ लागली. हे वाचन लांडग्यावर अन्याय करते. धीर, चिकाटी, जगण्याची ओढ हे सारे लांडग्याजवळही तितकेच आहे. तोल माणसाच्या बाजूला झुकतो तो अंगुळभर. ज्याला विजय म्हणावे असे काही असेल तर ते थोडे आधी येते. बिलची कुरतडलेली हाडे आणि शेजारी सोन्याची तशीच पिशवी दिसते तेव्हा. माणूस ते सोने घेत नाही, आणि ती हाडेही चोखीत नाही. आपल्या जागी बिल असता तर त्याने तसे केले असते, एवढा विचार करून तो पुढे सरपटतो.

या कथेतील एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. प्राणी मोजून दाखविणाऱ्या लंडनला त्या प्रदेशातील माणसे दिसली नाहीत. ठेंगण्या झुडपांच्या प्रदेशाचे तेथील भाषेतले नाव तेवढे कथेत आले आहे, ते नाव देणारे नाहीत. ज्या नदीमुळे तो उत्तरेकडे गेला तिचे ‘क्लोंडाइक’ हे नावही त्रोंदेक या मूळ शब्दाचा अपभ्रंश आहे. नदीत सामन मासे अडविण्यासाठी दगडांनी खुंट ठोकले जात, त्यावरून ते पडले. सोन्याच्या आधी ती नदी माशांची होती, आणि माशांबरोबर नदीमुखाशी तळ देऊन राहणाऱ्या त्रोंदेक ह्वेचिन लोकांची होती. लंडन आला त्याच वर्षी, १८९७ मध्ये, त्यांना तो तळ सोडून खाली मूसहाइड येथे हलावे लागले. २०२३ साली युनेस्कोने ‘त्रोंदेक-क्लोंडाइक’ हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा नदीचे जुने नाव आधी आले. ‘लव्ह ऑफ लाइफ’चा प्रदेश येथून बराच पूर्वेला, कॉपरमाइन नदीच्या बाजूचा आहे, पण उणीव तीच आहे.

२०१८ मध्ये कोएन बंधूंनी ‘द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज’ या चित्रपटात ‘ऑल गोल्ड कॅन्यन’चे रूपांतर केले. त्यात मूळ कथेत नसलेला एक प्रसंग आहे. भुकेला सोनेशोधक झाडावर चढून घुबडाच्या घरट्यातील चार अंडी उचलतो. समोरच्या झाडावरून घुबड पाहत असते. तो तीन अंडी परत ठेवतो आणि पाखराला असे कितीसे मोजता येणार म्हणून एक घेऊन उतरतो. ही भर चतुर आहे, आणि मूळ कथेची उणीव तिने नेमकी ओळखली आहे : येथे माणूस प्राण्याकडे पाहतो आणि प्राणीही त्याच्याकडे पाहतो. पण ती सुखाची भर आहे. टार्मिगनच्या घरट्यातही चारच जीव होते, आणि तेथे परत ठेवण्याजोगे काहीच उरले नाही.

‘लव्ह ऑफ लाइफ’चा शेवट अनेकांना अनावश्यक वाटतो. देवमाशांच्या शिकारीस निघालेल्या जहाजावरील शास्त्रज्ञांना किनाऱ्यावर काहीतरी वळवळताना दिसते. ते काय आहे हे त्यांना प्रथम ठरविता येत नाही, जणू नवीन प्राणीच सापडला आहे. जहाजावर त्या माणसाचा देह फुगत जातो आणि कारण कळत नाही. मग त्याच्या बिछान्याची झडती होते. गादीत, उशाशी, प्रत्येक सांदीत खलाशांकडून मागून घेतलेली कडक बिस्किटे ठासून भरलेली असतात. शास्त्रज्ञ समजुतीने हसतात आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात नांगर पडेपर्यंत तो बरा होईल असा निर्वाळा देतात. खडकावर कांबळ्यात गुंडाळून ठेवलेल्या अर्ध्या सोन्याबद्दल तो जहाजावर कोणाशी एक शब्दही बोलत नाही.